लाल पेनवाली

तू फक्त ऐक, चारू. मधे बोलायचं नाही, नाहीतर माझा धागा तुटतो आणि मी भलतीकडेच जाते, तुला माहितेय.

रेगेबाईंच्या घरी पहिला रविवार. मी सोफ्याच्या अगदी कडेला बसलेली आणि बाई भिंग धरून माझा कागद वाचतायत. वाचतायत कसल्या, नाकाला लावून हुंगतायत असं वाटत होतं, डोळे तेव्हाच अधू झालेले त्यांचे. सगळा वाचला. मग कागद टीपॉयवर ठेवला आणि म्हणाल्या,

"यात बाई कोणती आणि बाप्या कोणता?"

मी म्हटलं, "वरची कविता त्याची आहे, खाली तिचं उत्तर."

"ते तू आकडे घातलेस म्हणून कळतंय. आवाज एकच आहे. हा पण शलाका मोहिते आणि ती पण शलाका मोहिते. आरशापुढे उभी राहून स्वतःलाच पत्र लिहितेयस."

चोवीस वर्षांची होते गं मी. चाकणच्या त्या जपानी कंपनीत दुभाषी म्हणून लागून वर्ष झालेलं. सकाळी सव्वासहाची बस, संध्याकाळी परत यायला आठ. दिवसभर साहेब काय म्हणाला ते आपल्या लोकांना सांगायचं आणि आपले लोक काय म्हणाले ते साहेबाला. आणि दुभाष्याचा नियम काय, तर समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. "मी हा माल घेणार नाही," असं मी म्हणायचे. "मी माफी मागतो, पुन्हा होणार नाही," असंही मीच. एकाच मीटिंगमध्ये, एकाच दमात. आणि दोन्ही वेळा तो मी दुसराच कुणीतरी. घरी येऊन कऱ्हाडला फोन लावला की आई विचारायची जेवलीस का, तर मला क्षणभर कळायचंच नाही की हे मी आता कुणाला सांगायचंय.

असं डोकं पिकलेलं असताना रेगेबाईंनी बोलावलं. मला जपानी त्यांनीच शिकवलेलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहायच्या सहकारनगरला, आणि एका हजार वर्षांपूर्वीच्या जपानी दरबारी कथेचं मराठी करत होत्या. गद्य सगळं झालेलं. कविता राहिलेल्या, त्यातली एक आणि तिचं उत्तर मला करून आणायला सांगितलेलं.

आणि त्या कथेत ना, माणसं एकमेकांशी धड बोलतच नाहीत. कविता पाठवतात. पाच ओळी त्यानं पाठवायच्या, पाच ओळींचं उत्तर तिनं द्यायचं. उत्तर कसं, तर त्याच्याच कवितेतली एखादी वस्तू उचलायची आणि उलटी करून त्याच्याच अंगावर टाकायची. कुणाला नावं नाहीत. तो म्हणजे राजवाड्याच्या पहाऱ्यावरचा सरदार आणि ती म्हणजे पश्चिम दालनातली बाई, बस. ती पडद्याआड बसणार, हा बाहेर ओसरीत. तोंड दिसत नाही, नुसता आवाज आणि कागद. अशा बेचाळीस जोड्या होत्या.

बाई म्हणाल्या, "एका माणसाचं हे कामच नाही. माझंही नाही, मी करून बघितलं. हेरंब खातू म्हणून माझा एक विद्यार्थी आहे. गुहागरकडचा, रांजणगावला असतो, तुझ्यासारखाच दुभाष्या. तो सरदार, तू पश्चिमेची. तो शनिवारी येऊन कागद ठेवणार, तू रविवारी नेणार. भेटायचं नाही. फोन नाही. ते तुमचं व्हॉट्सॲप नाही."

"बाई, हे जरा अति होतंय हं."

"होऊ दे. त्या दोघांनी एकमेकांना बघितलेलं नाही. तुम्ही बघितलंत की तू त्याच्या शर्टाला उत्तर देशील, कवितेला नाही."

आणखी एक होतं. जुनी जपानी आम्हाला कुठे येत होती! बाई प्रत्येक शब्दाखाली मराठी शब्द लिहून द्यायच्या, दोन्ही कवितांचे, दोघांनाही. मग आपली कविता आपण रचायची आणि दुसऱ्याची तपासायची, लाल पेननं. मुळात नाही ते घातलं असेल तर समासात लिहायचं 'वाढ'. मुळातलं सुटलं असेल तर 'घट'. बरोबर असेल तर 'ठीक'. चौथा शब्द नाही. "कागदावर गप्पा दिसल्या तर खोडरबर माझ्याकडे आहे," बाई म्हणाल्या. आणि वाढीवर त्यांचा भयंकर राग. म्हणायच्या, "सुटलेलं एकवेळ मी माफ करीन. घातलेलं नाही."

पहिला कागद आला तो मला अजून पाठ आहे.

कुंपणापाशी
दव वाळून गेलं.
सकाळपासून
दारात उभा होतो,
बाही अजून ओली.

मी बसमध्ये वाचला. बाजूला आमच्या स्टोअर्समधला कुणीतरी घोरतोय, खिडकीची काच खडखडतेय, आणि मी आपली त्या ओल्या बाहीकडे बघत बसलेय. वर बाईंचे शब्द होते, 'कुंपण, दव, वाळणे, बाही, ओलेपण', त्यातून या माणसानं हे केलं! मग मी चार दिवस डबा खाताना, वॉशरूमच्या रांगेत, साहेब सिगारेट ओढून येईपर्यंत तेच करत होते. आणि उत्तर झालं.

दव म्हणालास?
मी तर अंगणात
पाणी शिंपलं.
वाट चुकून कुणी
भिजलं असेल तिथे.

पुढच्या रविवारी माझ्या कागदावर लाल अक्षरात 'ठीक' होतं. एवढंच. पण ते 'ठीक' इतकं दाबून लिहिलेलं की कागद मागून उठलेला. मी बोट फिरवून बघितलं. हसू नकोस.

त्याला सुरुवातीला वाढीची फार सवय. नुसती बागेतली वाट असायची तर हा तिथे 'चिऱ्यांची पाखाडी' घालायचा. पाखाडी म्हणजे कोकणात असते ना ती दगडी पायऱ्यांची उतरती वाट, मी शोधून काढलं. सुंदर होतं गं, पण चिरे मुळात नव्हते. मी लिहिलं, 'वाढ'. कुठे चांदणं जास्तीचं, 'वाढ'. कुठे कोकिळा एकदाच ओरडलेली आणि याच्याकडे दोनदा, 'वाढ'. एका रविवारी बाई हसत म्हणाल्या, "तो विचारत होता, ही लाल पेनवाली रोज सुरीला धार लावून बसते का?" मला इतकं बरं वाटलं! तर बाई लगेच, "मी सांगायला नको होतं. विसर."

मग तो सुधारला. डिसेंबरपासून त्याच्या कागदावर एक वाढ सापडत नव्हती. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी मुद्दाम शोधायचे. आणि इथेच माझं बिनसलं बघ. कारण मला आता त्या माणसाकडून एक शब्द हवा होता. सरदाराचा नको, ते दर रविवारी मिळतच होते. त्याचा स्वतःचा. कागद आला की मी आधी पाठीमागून बघायचे, समासात, घडीत. चहाचा गोल डाग होता एकदा, तो पण मी ठेवला. दुसरं काही नको होतं मला त्या चार महिन्यांत. पगारवाढ नको, सुट्टी नको. एक शब्द.

एकदा जवळ आलं होतं. त्या कथेत पत्र झाडाच्या डहाळीला बांधून पाठवायची पद्धत, फूल नाहीतर पान बघून माणसाचा अंदाज घ्यायचा. तर यानं कागद कढीपत्त्याच्या डहाळीला बांधून ठेवला. मला ते कळलं कधी, तर जेवताना! बाई म्हणाल्या, "खातूनं काल कढीपत्ता आणला होता, आमटीत घातलाय. तुझ्या कागदाला बांधून आणला, वेडा आहे." मी ती आमटी तीन वाट्या प्यायले.

आता फेब्रुवारी. आमच्याकडे कस्टमरचं ऑडिट. जपानहून चार माणसं आलेली आणि पार्ट्समध्ये चिरा निघालेल्या. तीन दिवस, चारू. सकाळी सातपासून एकच खोली. ते ओरडणार, मी ओरडणं मराठीत करणार. आमचे मॅनेजर सारवासारव करणार, मी ती सारवासारव जपानीत करणार. "मी जबाबदारी घेतो." "मला तुमच्यावर विश्वास नाही." "मी विनंती करतो, एक संधी द्या." तिसऱ्या दिवशी माझा जबडा दुखत होता. खरंच दुखत होता, घास चावता येत नव्हता. आवाज बसला. मॅनेजर म्हणाले, मॅडम, आले-लिंबू घ्या आणि परत आत चला.

त्या संध्याकाळी परतीच्या बसमध्ये पिशवीतून चार कागद काढले. आधीच्या रविवारी आणलेले, बघायला झालंच नव्हतं, आणि येता रविवार मला जमणार नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतली एक मुलगी बाईंकडे शिकायला जायची तिच्याबरोबर परत पाठवायचे होते. मांडीवर फाइल, फाइलवर कागद, दातात पेनचं टोपण. पहिले तीन 'ठीक'. चौथ्यावर सदतिसावी जोडी. त्यात सरदाराला उत्तरेच्या प्रांतात पाठवतात आणि तो निघण्याआधी तिला लिहितो.

उत्तरेकडे
निघालेत हे पक्षी.
त्यांच्या पंखांना
थंडी वाजते म्हणे.
माझं कोण विचारतं?
तू म्हणालीस तर थांबतो.

मी मोजल्या. सहा. पाचाच्या जागी सहा! बाईंचे शब्द बघितले, तिथे थांबणं नाही, म्हणणं नाही, काही नाही. तो सरदार विचारतच नाही मुळात, तेच तर त्याचं दुखणं आहे, तो न विचारताच निघून जातो. मला आला राग. दोन महिने नीट करत होता आणि आत्ता, मी मरायला टेकलेली असताना, याला परत हौस आली. सहावी ओळ मी लाल पेननं खोडली. एका रेघेत, पट्टी लावल्यासारखी. समासात लिहिलं, 'वाढ'. आणि नुसत्या 'वाढ'वर भागेना म्हणून पुढे लिहिलं, 'मुळात विचारत नाही. काढावे.' नियम मोडला मी, पण नियमाच्याच बाजूनं मोडला असं वाटलं.

तिचं उत्तर माझं झालेलंच होतं, ते मागे लावलं.

जाऊ दे पक्षी.
थंडी कुणाला वाजते
वाऱ्याला ठाऊक.
दालनातला दिवा
मी लवकर मालवते.

मग मी झोपले. निगडी कधी गेली कळलं नाही.

तो रविवार सोडून त्याच्या पुढच्या रविवारी बाईंनी दार उघडलं आणि भिंगातून बघतात तसं माझ्या तोंडाकडे बघितलं. म्हणाल्या, "बरी आहेस ना?"

"दमलेय बाई."

"होतं. दमायला होतंच." आणि आत जाऊन शिरा घेऊन आल्या. बेदाणे घातलेला. बाई कधी कुणाला मारी बिस्किटाच्या पुढे काही देत नाहीत. मला वाटलं, जबड्याचं कुणी सांगितलं असेल यांना, मऊ म्हणून शिरा.

"आणि खातू चालला," त्या म्हणाल्या. "गुजरातच्या प्लांटला. बदली विचारली होती त्याला, हो म्हणाला. उरलेले पोस्टानं पाठवेल."

"कधी चालला?"

"गेला. गुरुवारी."

मी शिरा खाल्ला. काय करणार? मी ना भेटले त्याला, ना बोलले कधी. ज्याचं तोंड माहीत नाही तो गेला म्हणून रडायचं तरी कुठून सुरू करायचं? मला एवढंच वाटत राहिलं की चार महिने हा माणूस मला दर आठवड्याला पंख आणि दव पाठवत होता आणि जाताना एक शब्द नाही सांगितला. नंतरचे पाच कागद पोस्टानं आले. बिनचूक. माझ्या कागदांवर 'ठीक', 'ठीक', 'ठीक'. आता दाब नव्हता त्यात. मी बोट फिरवलं होतं, म्हणून सांगते.

वर्ष गेलं. पुस्तक व्हायला वेळ लागला, बाईंचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मी त्याच कंपनीत, त्याच बसमध्ये. पुढच्या जानेवारीत बाईंचा फोन, प्रती आल्या, रविवारी ये. आणि मग, "खातू पण येतोय."

मी कुर्ता इस्त्री केला. मग दुसरा केला. कानातले घातले, काढले, घातले. तुला सगळं सांगतेय म्हणून हेही सांगते.

लवकरच पोचले. बाई म्हणाल्या चहा तूच टाक, मला आधण दिसत नाही. मी ओट्यापाशी, बाई स्टुलावर. म्हणाल्या, "शलाका, तो एकटा नाही येत. पत्रिका द्यायला येतोय. बारा दिवसांनी लग्न आहे चिपळूणला. मुलगी बरोबर आहे."

मी साखर मोजत होते. म्हटलं, "अरे वा."

"तुला अवघडल्यासारखं नाही ना होणार?"

"मला कशाला?"

"नाही, तू त्याला नाही म्हणालीस, म्हणून विचारलं."

मी मागे वळले. "कोण कुणाला नाही म्हणालं?"

"आता माझ्यापुढे कशाला? मला सगळं दिसत होतं, डोळे गेले म्हणून काय झालं? त्या शनिवारी तो इथे बसला होता, तुझ्या जागी. म्हणाला, बाई, पुढचा शनिवार झाला की सोमवारी बदलीचं सांगायचंय मला, आणि एक ओळ मी घातलीय, आज खोडू नका. चाळीस वर्षांत मी असली ओळ ठेवली नाही, पण त्याची ठेवली. म्हटलं हिला कळेल. दोन महिने तो वाढ करत नव्हता, तुझ्यासारखीला तर कळेलच. आणि तुझा कागद आला." बाई हसल्या, अगदी मायेनं. "एक रेघ. 'मुळात विचारत नाही, काढावे.' आणि पाठोपाठ दिवा मालवलेला. अगं, त्या दरबारातल्या बायका जन्मभर हेच करत बसल्या, पण इतका नेटका नकार एकीलाही जमला नाही. वाईट वाटलं मला त्याचं, पण म्हटलं, पोरगी तयार झाली."

मी गॅस बंद केला. चहा झाला नव्हता, तरी केला.

"बाई," मी म्हटलं, "मी बसमध्ये होते."

"म्हणजे?"

"मी ती वाढ समजून काढली."

"अगं पण तो वाढ करत नव्हता!"

"मला माहीत होतं."

"मग?"

"तीन दिवस ऑडिट होतं. तीन दिवस मी सगळ्यांचं 'मी' बोलत होते. सहा ओळी होत्या, मी मोजल्या. बाई, मी फक्त मोजल्या."

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, परत खाली ठेवलं. आणि बेल वाजली.

मी पातेल्यावर झाकण ठेवलं. बेल परत वाजली. बाई हळूच म्हणाल्या, "उघडू की नको?"

म्हटलं, "उघडा. पत्रिका आहे."

आधी ती आली, दीप्ती. हातात पेढ्यांचा पुडा, केसात अबोली, आणि दारातूनच सुरू, "नमस्कार बाई, किती जिने तुमचे, हे मला सांगतच नव्हते की लिफ्ट बंद आहे, नाहीतर मी येणारच नाही म्हणाले असते ना!" मग माझ्याकडे बघून, "आणि तुम्ही? थांबा, सांगू नका. तुम्ही त्या लाल पेनवाल्या!"

मागून तो. बुटका गं थोडासा. चष्मा. अहमदाबादहून रेल्वेनं बसून आलेला, डोळे लाल, शर्ट चुरगळलेला. त्या शर्टाला मी काय उत्तर दिलं असतं देव जाणे.

"नमस्कार," तो म्हणाला. "तुम्ही शलाका मोहिते."

"होय. तुम्ही खातू."

कवितेत चार महिने तू-तू केलेलं आणि समोर आल्यावर तुम्ही. दीप्ती आपली बोलतेय, "हे मला रोज एक जोडी म्हणून दाखवतात, फोनवर. यांची कविता झाली की मी म्हणते, आता तिचं उत्तर सांगा. मला तुमचीच आवडतात, खरं सांगू का. यांचा सरदार जरा रडका आहे."

"रडका नाही," तो म्हणाला. "मुळात तसा आहे तो."

"मुळात म्हणे! सगळं मुळात असतं यांच्याकडे. गजरा आणा म्हटलं तर आणतील, पण वेणी दिसली दुकानात तर ती घ्यायची नाही, कारण मी म्हणाले नव्हते."

मी हसले. आवडली मला ती. म्हणजे हाच तर त्रास झाला, की ती आवडली.

चहा झाला, पेढे झाले, पुस्तकं बघून झाली. माझं नाव खाली, त्याचं वर. मग बाई उठल्या. भिंतीला हात लावत म्हणाल्या, "दीप्ती, आत चल बाळ, देवापाशी. तुझी ओटी भरते. मला नारळ शोधायला वेळ लागेल हं, दिसत नाही." माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. पण 'वेळ लागेल' हे मला होतं, ते मला कळलं.

आम्ही दोघं गॅलरीत. खाली सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलं क्रिकेट खेळतायत, कुणीतरी आउट नाही म्हणून भांडतोय. तो कठड्याला टेकला. म्हणाला,

"किती वाजताची बस असते तुमची?"

"सव्वासहा. तुमची?"

"सहा. तिकडे पण सहाच. दिवसभर बोलून संध्याकाळी बोलावंसं वाटत नाही, नाही?"

"नाही."

"दीप्तीला वाटतं मी अबोल आहे." त्यानं चष्मा पुसला. "एक विचारू? राग नका मानू."

"विचारा."

"सदतिसावी. ती शेवटची ओळ तुम्ही काढलीत. ती मुद्दाम काढलीत ना? की वाढ समजून?"

मी खालच्या त्या भांडणाऱ्या पोराकडे बघितलं. तो घाईघाईनं पुढे, "म्हणजे मी दीप्तीला सगळं सांगितलंय. लपवलेलं नाही काही. ती म्हणाली, बरं झालं बाई, त्यांनी काढली म्हणून मला मिळालात. हसलो आम्ही. पण कसंय, मला नक्की माहीत नाही. बाई म्हणाल्या नकार आहे, मी मानलं, सोमवारी जाऊन बदलीला हो म्हणालो. पण कधीकधी गाडीत वगैरे वाटतं, दमल्या असतील. मी पण कधी काय तपासतो दमल्यावर, मलाच ठाऊक. तर बारा दिवस आहेत. आत्ता कळलेलं बरं. दोन्ही चालेल मला, शलाका. फक्त खरं सांगा."

शलाका म्हणाला गं. पहिल्यांदा. एक शब्द.

आतून दीप्तीचं हसणं ऐकू येत होतं, "बाई, हा नारळ नाही, हा तांब्या आहे!" आणि बाई, "असू दे, असू दे, सापडेल." म्हातारी वेळ काढत होती माझ्यासाठी.

मी त्याच्याकडे बघितलं. चष्म्याआड डोळे, झोप न झालेले. तोंड असं, की काहीही सांगितलं तरी ऐकून घेईल आणि तसंच्या तसं पुढे पोचवेल.

मी म्हटलं, "मुद्दाम काढली."

त्यानं मान हलवली. मोठा श्वास सोडला, पण तो सुटकेचा होता की कसला, मला सांगता येणार नाही, आणि मी सहा वर्षं तो श्वास ऐकतेय. म्हणाला, "थँक्यू." आणि मीटिंग संपल्यावर वाकतात ना तिकडचे लोक, तसा कमरेतून थोडासा वाकला, सवयीनं. मी पण वाकले, सवयीनं. मग आम्ही दोघं हसलो, आणि आतून दीप्ती ओटीचे तांदूळ सांभाळत आली आणि म्हणाली, "काय झालं? मलाही सांगा!"

तो म्हणाला, "काही नाही. कंपनीचं."

ते गेल्यावर बाई उठल्या. कपबशा उचलल्या, एक बशी दिसली नाही ती राहिली, बाकीच्या मोरीत नेल्या, आणि म्हणाल्या, "उद्या लवकर उठायचंय ना तुला, जा आता."

लग्नाला मी गेले नाही. ऑडिट होतं.

आता बोल. आता बोलू शकतेस. बारा दिवस राहिलेले, आत ती मुलगी हसतेय, आणि तो समोर उभा राहून म्हणतोय दोन्ही चालेल, फक्त खरं सांगा. तू काय सांगितलं असतंस, चारू?